तुरुंगसेवा कोणाच्या बळावर?

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

नाताळ तोंडावर आला की राज्यातल्या कारागृहांच्या अधीक्षकांकडे ख्रिस्ती मंडळ्यांचे (म्हणजे चर्चचे), धर्मग्रामांचे, युवक संघांचे अर्ज येऊ लागतात. बंदिजनांसाठी गीते, केक, थोडे प्रवचन, त्यासाठी दोन तासांची परवानगी मिळावी. हेतू चांगला असतो आणि आत कार्यक्रमही छान होतो. पण यातले बहुतेक गट फेब्रुवारीत त्या दरवाजाकडे फिरकत नाहीत. जे फिरकतात त्यांतलेही कितीतरी पुढे थकून, काही तर कडवट होऊन सोडून देतात. तुरुंगसेवेत काम करणारे आम्ही काही जण हे पत्र त्यासाठीच लिहीत आहोत. ही सेवा कशावर टिकते आणि कशाने मोडते, हे अर्ज करण्याआधी ठाऊक असलेले बरे. आपल्या वाचकांत ख्रिस्ती नसलेलेच जास्त. भिंतीआड नेमके काय चालते, हे त्यांनाही कळायला हवे.

‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करावयास शक्तिमान आहे’ हे बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातले वचन अशा गटांच्या बॅनरवर हमखास असते. परीक्षेला निघालेल्या मुलाला आणि सामन्याला निघालेल्या संघालाही आपण तेच देतो. पहिल्या शतकातला ख्रिस्ती प्रेषित पौल याने ते लिहिले तेव्हा तो स्वतः अटकेत होता. खटल्याचा निकाल लागायचा होता. सुटका की मृत्युदंड, त्याला माहीत नव्हते. आजच्या भाषेत सांगायचे तर न्यायाधीन बंदी. वचनाच्या अलीकडचे वाक्य वाचले की ‘सर्व काही’चा अर्थ उलगडतो. पोट भरलेले असो की उपाशी, चंगळ असो की चणचण, दोन्हींत राहायला तो शिकला होता. पलीकडचे वाक्य मात्र बॅनरवर कधीच येत नाही. तरीही माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे चांगले केले, असे तो तिथे म्हणतो. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत पाठवली होती आणि या कामापायी एपफ्रदीत मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला होता. रोमी काळात कैद्याच्या अन्नवस्त्राची सोय बहुतांशी बाहेरच्या आप्तांनाच करावी लागे. ख्रिस्ताचे सामर्थ्य आणि कोणीतरी पायपीट करून पोहोचवलेली मदत, दोन्ही या पत्रात एकमेकांना लागून आहेत.

आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पौलाने लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातही हेच दिसते. त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा घेऊन ये, पुस्तके आण, विशेषतः चर्मपत्रे, आणि हिवाळ्याच्या आत ये, असा निरोप आहे. त्याच परिच्छेदात पौल सांगतो की पहिल्या सुनावणीला माझ्या बाजूने कोणी उभे राहिले नाही, पण प्रभू जवळ उभा राहिला आणि त्याने मला बळ दिले. थंडीसाठी झगा मागणारा आणि प्रभूच्या बळावर उभा असलेला, दोघे एकच. आमच्या पाहण्यात गट फुटतात ते यातले अर्धेच धरल्यामुळे. नुसते झगे वाटणारा गट चांगले काम करतो, पण ज्याला मदत केली तोच माणूस चार महिन्यांत नव्या गुन्ह्यात परत आत आला की त्या गटाचा धीर सुटतो. नुसते वचन सांगणाऱ्या गटाला समोरचा माणूस चश्म्याअभावी पुस्तिका वाचू शकत नाही, हे वर्षभर कळतही नाही.

आणखी एक गोष्ट. ज्याच्या सामर्थ्यावर आपण विसंबतो म्हणतो, तो येशू स्वतः आरोपी होता. अटक रात्री झाली. खोटे साक्षीदार उभे केले गेले. याजक हन्नाकडून महायाजक कयफाकडे, तिथून रोमी सुभेदार पिलाताकडे, पिलाताकडून गालीलचा शासक हेरोद याच्याकडे आणि पुन्हा पिलाताकडे अशी फिरवाफिरव झाली. मित्र पळाले, शिष्य पेत्राने ओळख नाकारली, सुटला तो बरब्बा नावाचा दुसरा कैदी. बाहेरच्या मंडळीला हा भाग समजावून सांगावा लागतो. बराकीत सांगावा लागत नाही, कारण ऐकणाऱ्यांतले बरेच जण यातल्या एका ना एका पायरीवर उभे असतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर प्रभू म्हणतो की मी बंदिशाळेत होतो तेव्हा तुम्ही माझ्याकडे आलात. म्हणजे तो आधीपासून आत आहे, आपण त्याला भेटायला चाललो आहोत. ‘आम्ही कैद्यांपर्यंत ख्रिस्त नेतो’ असे म्हणणाऱ्याच्या खांद्यावर न पेलणारे ओझे बसते, आणि पुढच्या बहुतेक चुका त्या ओझ्याखाली होतात.

आता प्रत्यक्ष काम.

अर्ज निदान महिनाभर आधी द्यावा. संस्थेचे लेटरहेड, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, येणाऱ्या प्रत्येकाचे पूर्ण नाव, फोटो, आधारची प्रत, कोणत्या विभागात जायचे, किती वेळ, काय बोलणार आणि काय काय आत नेणार याची नगवार यादी. दर महिन्याला जायचे असेल तर बहुधा वरिष्ठ कार्यालयाची मंजुरी आणि पोलीस पडताळणीही लागते. यादीत नाव नसलेला पाहुणा वक्ता ऐनवेळी दरवाजावर उभा करू नये. त्याला सोडले तर शिपायाची नोकरी अडचणीत येते आणि अडवले तर गटाचा मूड जातो. मोबाइल, स्मार्टवॉच, पेन ड्राइव्ह, रोख रक्कम, तंबाखू यांतले काहीही खिशात नको; स्वतःची रोजची गोळी असली तरी आधी दाखवावी. ढोलकी, खंजिरी न्यायची तर ती यादीत हवी आणि झडतीत ती उघडून पाहिली तर तोंड वाकडे करू नये.

गीतांच्या पुस्तिका स्टेपलर पिनांच्या नसाव्यात. पिन, तार, पत्र्याचा तुकडा, काच या वस्तूंनी माणसे आत स्वतःला इजा करून घेतात, दुसऱ्यालाही करतात. चार पानी पुस्तिका मधोमध सुईदोऱ्याने शिवावी. दोनशे पुस्तिका चार माणसे एका दुपारी शिवतात. अक्षर सोळा पॉइंटचे, काळेभोर, एका पानावर एकच गीत. बायबल द्यायचे तर कापडी-पुठ्ठा बांधणीचे जाडजूड नको, मऊ वेष्टणाचा नवा करार बरा. तोही हातोहात न वाटता कारागृहाच्या ग्रंथालयात नोंद करून द्यावा. कोणाला मिळाले आणि कोणाला नाही यावरून बराकीत भांडण होत नाही, आणि ज्याला खरोखर वाचायचे तो मागून नेतो. पन्नाशीपुढच्या अनेकांचे चश्मे अटकेत किंवा मारामारीत फुटलेले असतात. कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला विचारून साधे वाचनाचे चश्मे, एक ते अडीच नंबरपर्यंतचे, प्लॅस्टिक काचांचे, दिले तर ती सेवा वर्षानुवर्षे उपयोगी पडते.

दोन तासांची परवानगी म्हणजे हातात प्रत्यक्ष सव्वा तास. नोंदवही, झडती, हातावर शिक्का, मग आतला दरवाजा, मग बराकींतून माणसे बाहेर काढून त्यांची गिनती. एवढ्यात पाऊण तास जातो. उरलेल्या वेळात पाच वक्ते बसवणे हा अन्याय आहे. दहा मिनिटे गाणी, तीही ओवी-अभंगाच्या चालीची, कारण टाळ्यांच्या ठेक्यावर ती सगळ्यांना येतात. पंधरा मिनिटे वचन. उरलेला सगळा वेळ ऐकण्याचा आणि प्रार्थनेचा. जाणारे चार ते सहा जण पुरेत, एकट्याने कधीच नाही. महिला विभागात महिलांनीच जावे. बराकी संध्याकाळी लवकर बंद होतात, त्यामुळे दिलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी आपण थांबलेले चांगले. वेळ पाळणाऱ्या गटाला पुढच्या महिन्यात कर्मचारी आपणहून मदत करतात, हा अनुभव सगळीकडचा आहे.

केकबद्दल. घरी केलेले पदार्थ बहुधा आत जाऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. विषबाधा झाली तर जबाबदार कोण? बंद पाकिटे किंवा कारागृहाच्या कँटीनमधून पावती करून घेतलेला खाऊ हा मार्ग सोपा. मात्र मोजणी प्रार्थनेला बसलेल्यांची न करता त्या विभागातल्या सगळ्यांची करावी. सर्कलमध्ये (बराकींच्या एका विभागात) तीनशे जण असतील आणि एकशेवीसच पाकिटे नेली, तर प्रार्थनेला बसणाऱ्याला केक मिळतो असा निरोप पाच मिनिटांत सर्वत्र पोहोचतो. तिथून पुढे कोण कशासाठी बसला आहे, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

यालाच लागून धर्मांतराचा प्रश्न येतो आणि त्याला बगल देणे बरे नाही. तुरुंगातला माणूस परावलंबी असतो. एक साबणवडी, एक फोन, वकिलाचा एक पत्ता त्याच्यासाठी फार मोठी गोष्ट असते. अशा माणसाला मदतीच्या बदल्यात श्रद्धा मागणे ख्रिस्ताला शोभत नाही, मग कायदा काय म्हणतो ते पुढचे. म्हणून आमचा आग्रह असा: उपासनेला ज्याने आपणहून नाव दिले त्यालाच बोलवावे; कायदेशीर मदत, चश्मे, कपडे यांची यादी उपासनेच्या यादीपासून पूर्ण वेगळी ठेवावी, शक्य तर वेगळ्या माणसाकडे; कोणी बाप्तिस्म्याविषयी विचारले तर सुटून घरी गेल्यावर, घरच्यांसमोर, शांतपणे ठरव, असे सांगावे. घाई करणाऱ्याचा ख्रिस्ताच्या बळावर विश्वास नसतो, आपल्या आकड्यांवर असतो.

गटांना सर्वांत कमी माहीत असलेली आणि सर्वांत जास्त नुकसान करणारी गोष्ट म्हणजे गुन्ह्याविषयीचे बोलणे. प्रार्थनेनंतर एखादा बंदी जवळ येतो आणि मन मोकळे करू लागतो. खटला चालू असलेल्याने पोलीस नसलेल्या माणसासमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून येऊ शकते. वकील आणि अशील, पती आणि पत्नी यांच्यातल्या बोलण्याला आपल्या पुरावा कायद्यात संरक्षण आहे. पाळक, फादर किंवा सेवक यांच्याकडे केलेल्या कबुलीसाठी तसे कलम नाही. म्हणजे तुमच्या सहानुभूतीने ऐकलेल्या पाच मिनिटांपायी त्याचा खटला बिघडू शकतो आणि तुम्हाला साक्षीदाराचे समन्स येऊ शकते. म्हणून बोलणे सुरू होण्याआधीच सांगावे: ‘भाऊ, केसमध्ये काय झाले ते मला सांगू नका, ते वकिलाला सांगा. तुमच्या मनाचे काय चालले आहे ते सांगा, आणि देवाला जे सांगायचे ते मनात सांगा, मी शेजारी बसतो.’ पश्चात्तापाला तपशिलाची गरज नसते. बायबलमधले दाविदाचे एक्कावन्नावे स्तोत्र हळू वाचले तर पुष्कळ माणसांना हवे ते शब्द तिथेच मिळतात.

चिठ्ठी बाहेर न्यायची नाही, आत आणायची नाही. ‘घरी फक्त एवढे सांगा की मी बरा आहे’ हा निरोपही अधिकाऱ्याला सांगून, कारागृहाच्या फोन किंवा पत्राच्या सोयीतूनच जावा. निरुपद्रवी वाटणाऱ्या निरोपात साक्षीदाराला दिलेली धमकी दडलेली असू शकते आणि ती तुम्हाला ओळखू येणार नाही. आपला फोन नंबर, घरचा पत्ता देऊ नये. संस्थेचा टपालपत्ता द्यावा. वकील बघतो, साहेबांशी बोलतो, पुढच्या वेळी मुलाचा फोटो आणतो ही वाक्ये तोंडातून निघता कामा नयेत. आतला माणूस दिवस मोजत असतो. बाहेर आपण सहज विसरतो तो शब्द त्याने महिनाभर धरून ठेवलेला असतो, आणि तो मोडला की तुमच्या तोंडून ऐकलेल्या देवाच्या वचनावरचाही त्याचा विश्वास मोडतो. ‘पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी येऊ’ एवढेच सांगावे आणि पाऊस असो, सण असो, दोघेच उरलेले असोत, त्या शनिवारी जावे.

असे छोटे वचन देणारा गट मनातून कबूल करतो की बाकीचे आपल्या हातात नाही. विसंबणे म्हणतात ते हेच. मोठी वचने देणारा गट नकळत स्वतःला तारणारा समजू लागतो. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौलाला उत्तर मिळाले की माझी कृपा तुला पुरे, अशक्तपणातच माझे सामर्थ्य पूर्ण होते. ज्या त्रासाला पौल ‘शरीरातला काटा’ म्हणतो तो काढलेला नाही, हे लक्षात घ्यावे. तुरुंगात काटे निघत नाहीत. मुलीच्या मृत्यूनंतर अभिवचन रजा (पॅरोल) मिळाली नाही, अंत्यदर्शन झाले नाही, असा माणूस समोर बसून विचारतो, तुमचा येशू तेव्हा कुठे होता? याचे उत्तर तयार ठेवून जाऊ नये. बायबलमधल्या दुःखाने खचलेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस काही न बोलता जमिनीवर बसले होते. ते चुकले ते तोंड उघडल्यावर.

कॅथलिक मंडळींत ऑगस्टच्या मध्यावर तुरुंगसेवेचा रविवार पाळतात, तो पोलंडचे धर्मगुरू संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांच्या १४ ऑगस्टच्या स्मृतिदिनाच्या आसपास. केरळमध्ये १९८१ साली सुरू झालेल्या प्रिझन मिनिस्ट्री इंडियाचे ते आश्रयदाते संत. १९४१च्या जुलैअखेर नाझींच्या आउशवित्झ छावणीतून एक कैदी पळाला म्हणून दहा जणांना उपाशी मारण्याची शिक्षा झाली. त्यांतल्या एका बापाच्या जागी कोल्बे पुढे झाले. क्षयाने आधीच खिळखिळे झालेले शरीर. त्या कोठडीत ते सोबत्यांची प्रार्थना चालवत राहिले, गीते म्हणत राहिले, आणि शेवटी विषारी इंजेक्शन देऊन त्यांना मारले गेले. ज्याच्या जागी ते गेले तो माणूस १९९५पर्यंत जगला. अंगात ताकद असलेल्या माणसाचे हे काम नव्हते.

जामिनाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण इथे थोड्या माहितीने खूप काम होते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती, जागा ४,३६,२६६ जणांची. त्यांतले ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे दर चारांतल्या तिघांवर गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. यात जामीन मंजूर होऊनही आत राहिलेलेही असतात. आदेशात पंधरा किंवा पंचवीस हजारांचा जामीनदार लिहिलेला असतो. जामीनदाराचे रेशन कार्ड, राहण्याचा पुरावा, मिळकतीचा दाखला लागतो. आणि बिहारहून आलेल्या गवंड्याला किंवा पालावर राहणाऱ्या बाईला या शहरात असा माणूस मिळत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी यावर स्पष्ट निर्देश दिले आहेत. जामिनाचा आदेश झाल्यापासून सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या यंत्रणेच्या) सचिवांना कळवायचे. महिन्याभरात जामीनदार देता आला नाही तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकते. स्थानिक जामीनदाराचा हट्ट हे विलंबाचे एक कारण असल्याने तशी अट घालू नये. शिवाय केंद्राच्या गरीब बंद्यांसाठीच्या योजनेत न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी जिल्हास्तरीय समिती मदत मंजूर करू शकते; २०२३मध्ये ठरलेली मर्यादा अनुक्रमे ४०,००० आणि २५,००० रुपयांची होती. अमली पदार्थ, मनी लाँडरिंग, भ्रष्टाचार प्रतिबंधक आणि बेकायदा कृत्ये प्रतिबंधक (यूएपीए) कायद्याखालच्या प्रकरणांना ती लागू नाही.

तिसरी वाट जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ची. पूर्वी कधी दोषी न ठरलेल्या आरोपीने गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ, इतरांनी निम्मा काळ कोठडीत काढला असेल तर जामिनावर सुटकेची तरतूद आहे आणि त्यासाठी न्यायालयात अर्ज करण्याची जबाबदारी अधीक्षकांवर टाकली आहे. साध्या चोरीला कमाल तीन वर्षे, म्हणजे पहिल्यांदाच पकडल्या गेलेल्याचे एक वर्ष भरले की पाहावे. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेले गुन्हे यात नाहीत, आणि एकापेक्षा जास्त गुन्ह्यांचा तपास किंवा खटला चालू असेल तरी अडते. नेमके तिथेच बहुतेक अर्ज अडतात. नवा कायदा १ जुलै २०२४ला लागू झाला, पण त्याआधीच्या प्रकरणांतल्या बंद्यांनाही हा लाभ मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने त्याच ऑगस्टमध्ये सांगितले.

तुरुंगसेवकाने यातले काय करावे? वकिली नक्कीच करू नये. एका वहीत बंदी क्रमांक, नाव, न्यायालय, कलमे, अटकेची तारीख, जामीन मंजूर झाला असल्यास तारीख, हे सहा रकाने अधिकाऱ्यांच्या परवानगीने भरून विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात पोहोचवावेत आणि पंधरा दिवसांनी विचारायला जावे. १५१०० ही विधी सेवेची हेल्पलाइन कुटुंबाला सांगावी. मंडळीतला कोणी भावनेच्या भरात स्वतः जामीनदार राहायला निघाला तर त्याला थांबवावे. आरोपी तारखेला आला नाही तर बंधपत्राची रक्कम त्याच्याकडून वसूल होते आणि घरात कलह होतो. जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय आरोपीच्या स्वतःच्या हमीवर, सुटकेचा अर्ज हा रस्ता बरा. हे काम रुक्ष आहे, यात कोणी रडत नाही, देवाने आपल्याला कसे बदलले याची साक्ष देत नाही. पण झगा पोहोचवणे म्हणजे आज हेच.

काय हवे ते आतल्यांनाच विचारावे. एलिझाबेथ फ्राय १८१३ साली लंडनच्या न्यूगेट तुरुंगात पहिल्यांदा गेल्या; १८१७मध्ये त्यांनी महिला कैद्यांसाठी नियम केले तेव्हा एकेक नियम वाचून त्या स्त्रियांचे हात वर करून मत घेतले. दोनशे वर्षांपूर्वीचा हा शहाणपणा आपल्या मंडळ्यांना अजून शिकायचा आहे. शिपाई आणि हवालदारांनाही विसरू नये. तेही याच भिंतींत लांबलांब ड्यूट्या करतात. फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री पौल आणि त्याचा साथी सीला गात होते, आणि त्या रात्री सगळ्यात मोडून पडला होता तो तिथला तुरुंगाधिकारी.

सुटकेचा दिवस बहुतेक गटांच्या नजरेतून निसटतो. माणूस बऱ्याचदा संध्याकाळी बाहेर पडतो. मोबाइल आणि आधार कार्ड पोलिसांच्या मुद्देमालात अडकलेले, घरचा नंबर पाठ नाही, अंगावर अटकेच्या ऋतूतले कपडे, जवळ प्रवासापुरते पैसे असले तर असले. दरवाजासमोर त्याला ओळखणारे पहिले तोंड जुन्या टोळीतले असते. पहिले तीन दिवस निभावले तर पुढचे सोपे जाते. म्हणून गटातल्या दोघांकडे तीन गोष्टी तयार असाव्यात: घरापर्यंतचे तिकीट काढून देण्याची सोय, एका रात्रीचा निवारा, आणि घरच्यांना आधी लावलेला फोन. आठवड्याभरात वकिलाची भेट, पुढची तारीख कागदावर मोठ्या अक्षरात, आणि कागदपत्रे सोडवण्याचा अर्ज. काम शोधताना मालकाला खरे सांगावे. लपवलेले पुढे कळते आणि तेव्हा दोघांचाही विश्वास जातो.

आणि त्याला पुढच्याच रविवारी व्यासपीठावर साक्ष द्यायला उभे करू नये, ही आमची मंडळ्यांना कळकळीची विनंती. टाळ्या मिळतात, फोटो निघतात, आणि सगळ्या गावाला तो ‘जेलमधून आलेला’ म्हणून कायमचा ठाऊक होतो. ज्याचा खटला अजून चालू आहे त्याच्यासाठी तर हे घातकच. ज्या घरावर त्याच्या हातून आघात झाला ते घर त्याच तालुक्यात असते. त्यांच्या डोळ्यांसमोर त्याचा सत्कार होणे हा दुसरा आघात. त्या घरासाठी कोणी प्रार्थना करते का, कोणी जाते का, हेही तुरुंगसेवेतच मोडते. मागच्या बाकावर एक ओळखीचे कुटुंब शेजारी बसले, उपासनेनंतर चहाला घरी घेऊन गेले, एवढे वर्षभर पुरते.

शेवटी, जाणाऱ्यांची काळजी. परतीच्या वाटेवर अर्धा तास एकत्र बसल्याशिवाय घरी जाऊ नये. प्रत्येकाने एकच सांगायचे: आज मनात काय अडकले. नावे घ्यायची नाहीत. मग ती माणसे एकेक करून प्रभूच्या हाती सोपवायची, मोठ्याने, म्हणजे ती आपल्या हातात राहत नाहीत. ज्याची झोप उडाली, जो घरी चिडचिडा झाला, ज्याला एकाच बंद्याची सारखी ओढ लागली किंवा जो कर्मचाऱ्यांविषयी फक्त वाईटच बोलू लागला, त्याला दोन महिने विश्रांती द्यावी आणि त्यात कमीपणा मानू नये. काम दुसऱ्या कोणी उचलावे. वधस्तंभापूर्वीच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूनेही तीन मित्रांना जवळ थांबायला सांगितले होते.

ज्या मंडळ्यांचे डिसेंबरचे अर्ज अजून गेलेले नाहीत त्यांनी यंदा ते राहू द्यावेत. नाताळात प्रत्येक मोठ्या कारागृहात चार-पाच संस्था रांगेत असतात आणि केक पुरून उरतो. अर्ज जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यासाठी करावा, चार जणांसाठी, महिन्यातून एकदा, सहा महिन्यांकरिता. त्या दिवसांत अधीक्षकांना बोलायला वेळ असतो, थंडी असते, आणि दरवाजावर दुसरे कोणी उभे नसते.

आपले विश्वासू,
तुरुंगसेवेतील काही कार्यकर्ते, पुणे